तपासणीचा खर्च आणि त्याचा धनी

कोलकात्यातील इमामबाग लेनमधील वीजनिर्मिती केंद्र १७ एप्रिल १८९९ रोजी सुरू झाले. आणि विजेशी ज्या नगरीचा परिचय इतका जुना, त्या नगरीत आपल्या इमारतीतील तारांची नियमित परीक्षा करून घेण्याची रीत मात्र व्यापारी वर्गात अद्याप रुजलेली नाही, ही गोष्ट जितकी आश्चर्याची तितकीच चिंतेची आहे.

जानेवारी २००८ मध्ये बडाबाजारातील नंदराम मार्केट जळाले. २३ मार्च २०१० रोजी पार्क स्ट्रीटवरील स्टीफन कोर्टात ४३ माणसे प्राणास मुकली व संशयाचा रोख उद्वाहनाच्या विद्युत्-यंत्रणेकडे वळला. १६ सप्टेंबर २०१८ च्या पहाटेपूर्वी कॅनिंग स्ट्रीटवरील बागडी मार्केटने पेट घेतला, आणि दुर्गापूजेसाठी भरून ठेवलेला माल कित्येक दिवस धुमसत राहिला. या प्रत्येक आगीचे मूळ विजेतच होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. परंतु दाटीवाटीच्या बाजारपेठेत, जेथे जिन्याखाली मीटर आणि मीटरशेजारीच मालाच्या थप्प्या असतात, तेथे विजेतील लहानसा दोषही किती माणसांचा घात करू शकतो, हे उमजण्यास एवढे दाखले पुरेत.

दोष निर्माण होतो तो हळूहळू. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात उत्पन्न होणारी उष्णता चौपट होते. आणि चार दिवे व एक पंखा यांच्यासाठी पूर्वी ओढलेल्या तारेवर वातानुकूलन यंत्राचा भार पडला, म्हणजे तिचे आवरण वर्षानुवर्षे तापून ठिसूळ होत जाते व सैल झालेला जोड एके दिवशी ठिणगी टाकतो. हे सारे डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच यंत्राने पाहावे लागते. मेगर लावून ५०० व्होल्ट दाबाखाली मिनिटभर तारेचे विद्युतरोधन मोजतात, आणि ते किमान १ मेगओहम भरावे असा दंडक आहे. अर्थिंगचा रोध तपासतात. जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण वेळेवर चालते की नाही हे पाहतात. आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने फलकावरील तापलेले जोड हुडकून काढतात.

या परीक्षेचा खर्च तीन ठिकाणी पडतो. पहिला तपासणाऱ्याचा: जेथे विद्युत निरीक्षकाकडून तपासणी होते तेथे सरकारने ठरविलेले शुल्क भरावे लागते. खाजगी परवानाधारक ठेकेदार वा अभियंता नेमल्यास त्याचा मेहनताना भार, फलकांची संख्या आणि मजले पाहून ठरतो. दुसरा खर्च पुरवठा बंद ठेवण्याचा, आणि म्हणूनच जाणते व्यापारी सुट्टीचा दिवस किंवा रात्र निवडतात. तिसरा, आणि बहुधा सर्वांत मोठा, सापडलेला दोष दूर करण्याचा. वस्तुतः तो तपासणीचा खर्च नव्हेच, तो पूर्वीच्या हयगयीची थकबाकी होय.

१९५६ च्या विद्युत नियमांपासून पाच वर्षांहून अधिक अंतर न पडू देता तपासणी व्हावी, हे तत्त्व कायद्यात चालत आले आहे. आणि २०२३ च्या केंद्रीय विनियमांनुसार राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या दाबापर्यंतच्या जोडणीचे परीक्षण करवून तिचे प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी मालकावर किंवा ग्राहकावरच येते. म्हणजे लहान दुकानदाराच्या दारी तपासनीस येऊन उभा राहील असे नाही. दुकानदारालाच त्याला बोलवावे लागते.

आणि येथेच खरी मेख आहे. बडाबाजारातील जुन्या इमारतींत मालकाला मिळणारे भाडे जुन्या दराचे व नाममात्र, मुंबईच्या पगडीसारखी ‘सलामी’ देऊन गाळा घेतलेला भाडेकरू स्वतःला पुरता मालक समजत नाही, आणि पोटभाडेकरू तर दोघांच्याही पलीकडे. त्यामुळे प्रत्येक गाळ्यातील तार कोणाची तरी असते, पण सर्वांचा भार वाहणारी जिन्यातील मुख्य तार कोणाचीच नसते. निव्वळ उदाहरणापुरते मानू की एका मार्केटच्या तपासणीस तीन लाख रुपये लागले आणि गाळे दोनशे आहेत: प्रत्येकी १,५०० रुपये, आणि पाच वर्षांच्या साठ महिन्यांत वाटले तर महिन्याला २५ रुपये. खर्च असह्य नसतो. तो वसूल करणारा धनी नसतो.

महाराष्ट्रानेही याचे मोल दुःखानेच जाणले आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावल्यावर राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे हुकूम सुटले. जे काम आधीच व्हायला हवे होते, ते माणसे गेल्यावर आदेशाने करावे लागले. खानापूर-आटपाडीकडचे आपले सोने-चांदी गाळणारे गलाई कारागीर देशातील कित्येक सराफ बाजारांत भाड्याच्या खोलीत भट्टी मांडून बसतात, तेव्हा हा प्रश्न परक्या शहराचा राहत नाही.

उपाय साधा आहे. व्यापारी मंडळाने भाडेवसुलीप्रमाणेच तपासणीची वर्गणी दरमहा वेगळ्या खात्यात जमा करावी, भाडेपट्ट्यात सामाईक तारांची जबाबदारी स्पष्ट शब्दांत नोंदवावी, आणि तपासणीचा अहवाल मीटरच्या खोलीच्या दारावर दर्शनी लावावा. मालक आणि भाडेकरू यांचा खटला न्यायालयात वीस वर्षे चालला तर चालो. जिन्यातील तार मात्र निकालाची वाट पाहत नाही, आणि म्हणून तिच्यापुरता समेट त्यांनी आजच केला पाहिजे.