वजन कमी, तरी रक्तवाहिन्या जाड? रिपोर्टमधली ही वजाबाकी करून बघा

विसरवाडी असो की पुणे, अंगानं बारीक माणसाला ‘कोलेस्टेरॉल तपासून घे’ म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘मी कुठं जाडा आहे?’ पण काटा सगळं सांगत नाही.

बारीक, पण चरबी जास्त

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

रक्तवाहिनी जाड होते कशी?

रक्तातले एलडीएलचे कण धमनीच्या आतल्या अस्तरात शिरून अडकतात. पांढऱ्या पेशी ते गिळतात, फुगतात आणि तिथंच साचतात. थर वाढत जातो, पण दुखत काहीच नाही. मानेच्या धमनीची ही जाडी सोनोग्राफीत मोजता येते. थर किती वाढणार, हे एलडीएल किती आणि किती वर्षं जास्त राहिलं यावर बरंचसं ठरतं. त्यात तंबाखू, बीपी आणि शुगर भर घालतात. म्हणून तिशीतला वाढलेला आकडा ‘नंतर बघू’ म्हणून सोडायचा नसतो.

रिपोर्ट कसा वाचायचा?

एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. उरतं ते नॉन-एचडीएल, म्हणजे धमनीत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. समजा एकूण २००, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड २५०. एलडीएल येतं ११५, थोडंसंच जास्त वाटतं. पण नॉन-एचडीएल निघतं १६५. एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त हे चित्र भारतीयांमध्ये बरंच दिसतं, त्यामुळे ही वजाबाकी महत्त्वाची.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमी धोका असलेल्यांचं एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत हवं. डायबेटिस किंवा हृदयविकार असेल तर मर्यादा आणखी खाली येते.

उपाशीपोटीच जायचं का?

पहिल्या तपासणीसाठी गरज नाही, असं याच सूचना सांगतात. म्हणजे पाड्यावरून विसरवाडीला येणाऱ्यानं न्याहारी करून यायला हरकत नाही. ट्रायग्लिसराइड फार जास्त आलं, तर डॉक्टर उपाशीपोटी पुन्हा तपासायला सांगतात.

आकडा जास्त आला तर घाबरू नका, आणि रील बघून गोळी सुरू किंवा बंदही करू नका. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, ‘माझं नॉन-एचडीएल किती हवं?’