तगर, तेर आणि ‘लिंक्ड ओपन डेटा’ : इतिहास संशोधनातील एका संगणकीय पद्धतीचा परिचय

प्रस्तावना

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील व्यापारी मार्गदर्शिकेत दख्खनमधील दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख आढळतो. बॅरिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठाना आणि तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे त्यात म्हटले आहे. पैठाना म्हणजे पैठण हे नामसाम्यामुळे सहज ओळखता आले. तगरच्या बाबतीत मात्र देवगिरी, जुन्नर, धारूर अशी निरनिराळी स्थळे विद्वानांनी सुचविली. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर असे प्रतिपादन केले व पुढे हे मत सामान्यतः स्वीकारले गेले.

‘तगर’ आणि ‘तेर’ ही एकाच स्थळाची दोन नावे आहेत, हे अभ्यासकास ठाऊक असते, संगणकास नसते. त्यामुळे ग्रीक ग्रंथातील तगर, संत गोरा कुंभारांचे तेर आणि वस्तुसंग्रहालयातील नोंदींमधील तेर यांची माहिती परस्परांपासून अलग राहते. ही अडचण दूर करण्याचा एक मार्ग म्हणजे ‘लिंक्ड ओपन डेटा’, अर्थात परस्परांशी जोडलेली मुक्त माहिती होय.

संकल्पना व स्वरूप

वर्ल्ड वाईड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये या पद्धतीची चार तत्त्वे मांडली. प्रत्येक वस्तूस, व्यक्तीस वा स्थळास स्वतंत्र ओळखपत्ता द्यावा. तो वेबवरील पत्त्याच्या स्वरूपात असावा. तो उघडल्यास प्रमाणित स्वरूपातील उपयुक्त माहिती मिळावी. आणि त्या माहितीत इतर ओळखपत्त्यांचे दुवे असावेत, ही ती तत्त्वे होत. ही माहिती कोणासही वापरता येईल अशा परवान्याखाली दिली, म्हणजे ती ‘मुक्त’ ठरते.

माहितीची मांडणी ‘आरडीएफ’ या रचनेनुसार त्रिपदी विधानांत केली जाते. ‘मूर्ती – सापडली – तेर येथे’ हे असे एक विधान होय. यातील तेर हा केवळ शब्द न राहता ओळखपत्ता बनतो. साहजिकच लिपी, भाषा वा वर्णलेखन बदलले तरी संदर्भ बदलत नाही.

प्राचीन स्थळांसाठी ‘प्लेइअडीझ’ हा स्थलकोश याच पद्धतीने चालतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘बॅरिंग्टन अ‍ॅटलस’ या ग्रीक-रोमन जगाच्या नकाशासंग्रहावर तो आधारलेला आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘पेलॅगिऑस’ प्रकल्पाने ग्रंथ, नाणी व पुरावस्तू यांच्या नोंदी अशा स्थळ-पत्त्यांशी जोडण्याचा मार्ग रूढ केला. वस्तूंच्या प्रकारांसाठी व माध्यमांसाठी गेटी संस्थेचा कला व वास्तुकला शब्दकोश २०१४ पासून मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे.

एक उदाहरण

१९३८ साली इटलीतील पाँपेई येथे उत्खननात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या पुरातत्त्वीय संग्रहालयात आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेल्याने ती त्यापूर्वी तेथे पोहोचली होती, हे निश्चित आहे. तिच्याशी साम्य असलेली एक हस्तिदंती मूर्ती तेर येथे आणि दुसरी जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाली. तेरची मूर्ती तेथीलच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहात आहे.

या तीनही मूर्तींच्या नोंदी समान ओळखपत्त्यांनी जोडल्यास ‘दख्खनमध्ये व रोमन जगात सापडलेल्या भारतीय हस्तिदंती वस्तू’ असा प्रश्न एकाच वेळी विचारता येईल. मूर्तीस कोणी लक्ष्मी म्हणतात, कोणी यक्षी. तरीही शोधात अडथळा येणार नाही.

मर्यादा व दक्षता

तथापि, येथेच या पद्धतीचा नाजूक भाग सुरू होतो. ‘तगर म्हणजेच तेर’ ही संगणकीय जोडणी वरकरणी तांत्रिक वाटली, तरी ते एक ऐतिहासिक विधान आहे. १९०१ पूर्वी कोणी तगर हे देवगिरीशी जोडले असते, तर तगरविषयीची प्रत्येक नोंद आपोआप देवगिरीच्या नावे जमा झाली असती. छापील ग्रंथातील चूक त्या ग्रंथापुरती राहू शकते. जोडलेल्या माहितीतील चूक मात्र प्रत्येक दुव्याबरोबर पुढे सरकते.

पाँपेईच्या मूर्तीबाबतही हेच दिसते. तिच्यावरील खरोष्ठी अक्षरामुळे वायव्य भारताशी संबंध सुचविला जातो, तर तेर-भोकरदनच्या साम्यामुळे दख्खनशी. अशा वेळी ‘निर्मितीस्थळ’ या रकान्यात एकच नाव भरणे म्हणजे वाद मिटण्यापूर्वीच निकाल देणे होय.

यावर उपाय उपलब्ध आहेत. प्लेइअडीझमध्ये स्थळ, त्याचे नाव आणि त्याचे भौगोलिक स्थान यांची नोंद वेगवेगळी ठेवली जाते व निश्चिततेची पातळीही नमूद करता येते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटामध्ये परस्परविरोधी विधाने आपापल्या संदर्भांसह शेजारी शेजारी राहू शकतात. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या ‘सिडॉक सीआरएम’ या आराखड्यात वस्तूची निर्मिती, तिचा शोध आणि तिच्याविषयीचे मत या स्वतंत्र घटना मानल्या जातात.

समारोप

सारांश, लिंक्ड ओपन डेटामुळे विखुरलेली साधने एकत्र येतात. परंतु कोणते साधन कोणाशी जोडावे, याचा निर्णय पुराव्यांच्या आधारे अभ्यासकालाच घ्यावा लागतो. स्थानिक संग्रहालयातील वस्तूंचे नोंदणी क्रमांक, प्राप्तिस्थळे आणि स्थळनामांची जुनी-नवी रूपे संदर्भांसह नोंदविण्याचे काम महाविद्यालयीन पातळीवर इतिहास, मराठी व संगणकशास्त्र विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगे आहे. जोडणी कोणी, केव्हा आणि कोणत्या आधारावर केली, हे प्रत्येक नोंदीत लिहिले गेले, तर भावी संशोधकास ती तपासता येईल आणि आवश्यक तेथे सोडविताही येईल.