कोठाराचे घर : इंग्लंडातील काही गैरसमज

जमीन आपली, तिच्यावरचे कोठारही आपले, तेव्हा त्यात बिऱ्हाड थाटण्यास सरकारी मंजुरी कशाला, ही समजूत इंग्लंडात शेतीची मालमत्ता घेऊ पाहणाऱ्यांत जितकी रूढ तितकीच निराधार आहे. कारण १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने वापर बदलण्याचा प्रश्न मालकाच्या मर्जीवर ठेवलेला नाही, आणि जेथे गवत रचीत तेथे माणसे राहू लागणे हा वापरातील बदलच होय. आपल्याकडील बिनशेती परवान्यासाठी ज्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले आहेत, त्यांना याचे नवल वाटू नये.

याच्या उलट टोकाची समजूत अधिक घातक, कारण तीत अर्धे सत्य आहे. शेतीच्या इमारतींचे घरांत रूपांतर करण्यास २०१४ साली शासनाने सर्वसाधारण मुभा दिली. २०१५ च्या आदेशात ती ‘क्यू वर्ग’ म्हणून समाविष्ट झाली. यावरून अर्जच करावा लागत नाही, असा अर्थ अनेकांनी काढला. वस्तुतः कौन्सिलकडे पूर्वमान्यतेचा रीतसर अर्ज करावा लागतो, आणि रहदारी, आवाज, जमिनीतील दूषित द्रव्ये, पुराचा धोका, बाह्य स्वरूप, खोल्यांत येणारा उजेड इत्यादी बाबींची तपासणी होते. छप्पन्न दिवसांत निर्णय कळविला गेला नाही तर काम आरंभिता येते, हे खरे. परंतु मुळात अटींत न बसणारी इमारत कौन्सिलच्या मौनामुळे अटींत बसू लागत नाही.

सर्वांत मोठा घोटाळा ‘रूपांतर’ कशास म्हणावे याविषयी आहे. खिडक्या, दारे, छप्पर, बाहेरच्या भिंती यांचे वाजवी तेवढे काम करण्यास आदेशाची मुभा आहे. तेव्हा चार खांब राखून भोवती नवे घर उभारले तरी चालेल, असा हिशेब मांडणारे पुष्कळ. नॉटिंगहॅमशायरमधील पोलादी सांगाड्याचे, बव्हंशी उघडे असलेले असेच एक कोठार २०१६ साली ‘हिबिट’ खटल्याच्या रूपाने उच्च न्यायालयापुढे आले, आणि न्यायालयाने रूपांतर व पुनर्बांधणी यांत मूलतः भेद असल्याचे स्पष्ट करून अनुमती नाकारणारा निरीक्षकाचा निर्णय कायम केला. पत्र्याच्या कोठारांना मुभाच नाही, असे मात्र यातून निष्पन्न होत नाही. इमारत राहत्या घराचा भार पेलण्याइतकी धड असली पाहिजे, एवढेच. माझ्या मते ही अट न्याय्यच आहे, कारण शासनाला जुन्या इमारती वापरात आणावयाच्या होत्या, मोकळ्या रानात नवी घरे नव्हेत.

२१ मे २०२४ पासून मर्यादा सैल झाल्या आहेत : एका शेतीघटकात १० घरांपर्यंत, एकूण १००० चौरस मीटर, प्रत्येक घर १५० चौरस मीटरच्या आत. पण स्वारीच्या घोड्यांचा तबेला कायद्याच्या दृष्टीने शेतीत मोडत नाही, हे कित्येकांना अर्ज फेटाळला गेल्यावरच उमगते. राष्ट्रीय उद्याने, संरक्षित निसर्गप्रदेश, वारसा-इमारती यांनाही मुभा नाही; तेथे संपूर्ण नियोजन-परवानगीचाच मार्ग, आणि तो बंद असतो हाही गैरसमजच. शिवाय आढ्याला वटवाघळांचा निवारा असेल तर त्याला धक्का लावण्यापूर्वी स्वतंत्र परवाना लागतो, आणि गव्हाणी घुबडाने घरटे केले असेल तर पिले उडून जाईपर्यंत गवंड्याने थांबावे हे बरे, कारण त्या पक्ष्यास १९८१ च्या कायद्याचे विशेष संरक्षण आहे.

उरली ती गुपचूप राहून मुदत काढण्याची युक्ती. पूर्वी चार वर्षे निर्वेध वास्तव्य झाल्यास घरावर कारवाई होत नसे. २५ एप्रिल २०२४ पासून ही मुदत दहा वर्षांची झाली, मात्र त्याआधी पूर्ण झालेल्या घरांस जुनीच लागू राहिली. पण मुदत भरली म्हणजे सुटलो, असेही नाही. हर्टफर्डशायरमधील एका गृहस्थाने गवताच्या कोठाराची परवानगी काढून बाहेरून कोठार आणि आतून तीन शयनगृहांचे घर बांधले, त्यात चार वर्षे काढली आणि मग उजळ माथ्याने कायदेशीरपणाचा दाखला मागितला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीतून मिळालेल्या मुदतीचा लाभ त्यास घेता येणार नाही.