खंडित लेखनाचा पुनरारंभ

हाती घेतलेले लेखन ऐन भरात असताना ते बाजूस सारून दुसऱ्याच लेखनास लागणे लेखकाला कित्येकदा भाग पडते. आणि पुढे मूळ लेखनाकडे वळल्यावर, टिपणे जागच्या जागी असून व कथानक मुखोद्गत असूनही, लेखणी काही केल्या चालत नाही. ही गेलेली गती कशाने परत येते, याचा विचार करू लागलो म्हणजे फ्योदोर दोस्तोएव्हस्कीच्या आयुष्यातील १८६६ हे साल मला हटकून आठवते.

दिवंगत बंधूच्या नियतकालिकाचे कर्ज अंगावर येऊन सावकारांचा तगादा असह्य झाला, तेव्हा आदल्या वर्षी त्याने स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकास तीन हजार रूबलांच्या मोबदल्यात एक करारनामा लिहून दिला होता. १ नोव्हेंबर १८६६ ही नवी कादंबरी देण्याची मुदत होती, आणि ती टळल्यास पुढील नऊ वर्षे तो जे लिहील ते विनामोबदला छापण्याचा हक्क प्रकाशकाकडे जाणार होता. इकडे जानेवारीपासून ‘रस्की व्हेस्तनिक’ मासिकात ‘गुन्हा आणि शिक्षा’ हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होत होती. उन्हाळ्यात मॉस्कोजवळच्या ल्युब्लिनो येथे राहून एक कादंबरी सकाळी व दुसरी संध्याकाळी लिहिण्याचा बेत त्याने केला. तो तडीस गेला नाही, आणि माझ्या मते जाणारही नव्हता, कारण ‘गुन्हा आणि शिक्षा’मधील रास्कोल्निकोव्हसारख्या पात्राच्या अंतःकरणात दिवसभर वावरणाऱ्या लेखकाला सूर्यास्ताबरोबर तेथून बाहेर पडता येत नाही.

सप्टेंबर सरला तरी करारातील कादंबरीस आरंभ झाला नव्हता. मित्रमंडळींनी भाग वाटून घेऊन ती लिहून द्यावी, ही मिल्युकोव्ह या स्नेह्याची सूचना त्याने साफ नाकारली, कारण परक्याच्या लेखनाखाली आपले नाव घालणे त्याला मान्य नव्हते. लघुलेखन जाणणारी व्यक्ती मदतीस घ्यावी, ही दुसरी सूचना मात्र त्याने स्वीकारली. त्याप्रमाणे ४ ऑक्टोबर रोजी वीस वर्षांची ॲना ग्रिगोर्येव्हना स्नीत्किना त्याच्या घरी आली. आरंभी सांगणे अडखळत झाले, पण लवकरच एक क्रम बसला: रात्री तो मजकूर लिहून ठेवी, दिवसा तो तिला सांगे, ती घरी जाऊन सुवाच्य प्रत करून दुसऱ्या दिवशी आणी, आणि एकंदर किती पाने झाली याची तो वारंवार चौकशी करी. सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ ही करारातील कादंबरी पुरी झाली. मुदतीच्या दिवशी प्रकाशक गावात नव्हता व त्याचा कारकून हस्तलिखित घेईना, तेव्हा ते पोलीस कचेरीत दाखल करून दोस्तोएव्हस्कीने रीतसर पोच घेतली.

आता मूळ कादंबरीकडे परतायचे होते. सप्टेंबर व ऑक्टोबरच्या अंकांत तिचा हप्ता आलेला नव्हता, आणि शेवटचा, सर्वांत अवघड भाग लिहावयाचा राहिला होता. त्याने ॲनालाच पुन्हा बोलावले. नोव्हेंबर व डिसेंबरच्या अंकांतून कादंबरी संपली. विषय पालटला, तरी कामाची वेळ, सांगण्याची रीत आणि समोर बसलेली लेखनिका ही तीच राहिली. गती साठून राहते ती या दैनंदिन क्रमात, असे मला यावरून ठामपणे वाटते. आणखी एक गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली: आधीचे भाग छापून गेलेले असल्यामुळे मागे जाऊन तीच प्रकरणे पुनःपुन्हा घोटत बसण्याचा, परतणाऱ्या लेखकाला हमखास पडणारा मोह त्याला परवडणाराच नव्हता. पुढे ॲनाशी त्याचा विवाह झाला, आणि ‘कारामाझॉव्ह बंधू’सारखी प्रचंड कादंबरीही तिलाच सांगून लिहिली गेली.

मारिया ओव्ह्स्यान्किना या मानसशास्त्रज्ञेने १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, मध्येच थांबवलेले काम माणसे, कोणी न सांगता, संधी मिळताच पुन्हा हाती घेतात. म्हणजे अपुऱ्या कामाची ओढ मनात असतेच. मार्क ट्वेनने या ओढीवर पुरता विश्वास टाकला. १८७६ साली सुरू केलेले ‘हकलबेरी फिन’ त्याने अर्ध्यावर ठेवून दिले, मधून मधून हात लावला, आणि १८८२ साली मिसिसिपीचा प्रवास करून आल्यावर पुढील वर्षी ते पुरे केले. मुदतीचा तगादा नसलेल्या लेखकाला ही रीत उत्तम होय.

आपल्याकडे १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा रुजवल्यापासून पावसाळ्यात कादंबरी बाजूस ठेवून कथा लिहावयास बसणारे लेखक पुष्कळ आहेत. त्यांना ट्वेनसारखी सात वर्षे मिळत नाहीत. त्यांनी कथेसाठी पडलेली रोजची बैठक कथा संपल्याच्या दुसऱ्या दिवशीही मोडू देऊ नये, आणि त्याच वेळी कादंबरीचे शेवटचे लिहिलेले पान समोर घेऊन, आरंभापासून वाचत न बसता, तेथूनच पुढे लिहू लागावे.