माउंट रोडवरील चौदा मजली

मद्रासला गेला आणि माउंट रोडवरची एल. आय. सी. ची इमारत न पाहता परतला, असा मनुष्य विरळाच. शहराचे नाव १९९६ मध्ये चेन्नई झाले, त्याआधीच रस्त्याचे अण्णा सालै झाले. परंतु रिक्षावाल्यास 'एल. आय. सी.' एवढे सांगितले की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. जुने लोक तिला 'पदिनालु माडी', म्हणजे चौदा मजली, असेच म्हणतात. आज त्या शहरात तिच्या दुपटीहून उंच इमारती आहेत. पण नावाने ओळखावी अशी त्यांतली एकही आम्हांस कोणी सांगितली नाही.

तिची उंची १७७ फूट. २३ ऑगस्ट १९५९ रोजी तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा ती भारतातील सर्वांत उंच इमारत ठरली. हा मान दोनच वर्षे टिकला. १९६१ मध्ये मुंबईच्या 'उषा किरण'ने तो घेतला. या हिशेबात देवळे आणि मनोरे धरीत नाहीत, हे बरे. नाहीतर त्याच तमिळ मुलखात तंजावरच्या बृहदीश्वराचे विमान दगडावर दगड रचून सहस्र वर्षांपूर्वीच दोनशे फुटांच्या वर गेले आहे. सरफोजीराजांनी भोसल्यांचा इतिहास ज्याच्या भिंतींवर मराठीत कोरवून घेतला, तेच हे देवालय.

माउंट रोडवर एवढे उंच बांधावे हा विचार मात्र सरकारचा नव्हता. तो एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांचा. १९३७ मध्ये इंडियन ओव्हरसीज बँक स्थापन करणारे ते हेच गृहस्थ. 'युनायटेड इंडिया' ही आयुर्विमा कंपनी त्यांच्या हाती होती आणि तिच्यासाठी हे कार्यालय व्हावयाचे होते. ब्राउन व मोलिन या लंडनच्या वास्तुशिल्पींनी आराखडे केले, १९५३ मध्ये काम सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १३ मार्च १९५४ रोजी, सिंगापूरला विमान उतरत असता अपघात झाला आणि त्यात चेट्टियार गेले.

धनी गेला तरी काम चालू राहिले. मग कंपनीच गेली. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, २४५ लहानमोठ्या संस्था एकत्र करून १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ जन्मास आले आणि अर्धवट इमारत त्याच्या पदरी पडली. १९५७ मध्ये ब्राउन व मोलिन यांनीही अंग काढून घेतले. ज्याने योजिले तो नाही, ज्यांच्यासाठी योजिले ते नाहीत, ज्यांनी रेखिले तेही नाहीत, अशा स्थितीत ते काम मद्रासमधील वास्तुशिल्पी एल. एम. चितळे यांच्याकडे आले आणि त्यांनी ते तडीस नेले.

आमच्या शिक्षकदालनात ही हकीकत सांगितली, तेव्हा एका गुरुजींनी विचारले, "चितळे म्हणजे बाकरवडीवाले का?" आम्ही हसलो खरे, पण परमुलखात कायमचे बिऱ्हाड करून राहिलेल्या आपल्या माणसांची आपल्याकडे एवढीच चौकशी होते.

चितळ्यांच्या हाती आलेले काम सोपे नव्हते. त्या भागात तोवर मोठी बांधकामे चुना आणि विटा यांचीच होत. त्यात सारा भार भिंतीच पेलतात. म्हणून मजले वाढवावेत तसतशी खालची भिंत जाड करीत जावे लागते. येथे भार काँक्रीटच्या खांबांवर घेतला, भिंत नुसती आडोशापुरती उरली. खर्च सुमारे ८७ लक्ष रुपये झाला.

लोकांनी तिला आपली म्हटले ते चित्रपटांमुळे. खेड्यातला नायक मद्रासला आला हे दाखवायचे, की तमिळ चित्रपटांत प्रथम सेंट्रल स्टेशन दिसे आणि लगेच एल. आय. सी. ची इमारत, संवादाची गरज पडत नसे. ११ जुलै १९७५ रोजी तिला भीषण आग लागली आणि शहराने ती रस्त्यावर उभे राहून पाहिली. खांब मात्र उभे राहिले. दुरुस्ती होऊन कचेऱ्या पुन्हा भरल्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये माथ्यावरच्या नामफलकाने पेट घेतला, तीही आग विझवण्यात आली.

१० फेब्रुवारी २०१९ पासून तेथे भुयारी मेट्रोचे स्थानक झाले आहे. त्यालाही नाव दिले ते 'एल. आय. सी.' असेच.