शून्य रुपयाचे तिकीट

वृद्धांना बसप्रवासात मिळणारी सवलत वयावर ठरते असा सर्वसाधारण समज असला, तरी ती वयाइतकीच जागेवरही ठरते, आणि ही गोष्ट नागपूर-रायपूर महामार्गावर देवरीच्या पुढे, जिथे गोंदिया जिल्हा संपून राजनांदगाव जिल्हा सुरू होतो, तिथे अगदी उघडपणे दिसते. नागपूरहून रायपूरला मुलीकडे निघालेली 76 वर्षांची एखादी आजी एसटीने देवरीपर्यंत एक पैसाही न देता येऊ शकते, कारण महाराष्ट्रात ही माफी 75 वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते. देवरीला रायपूरची खासगी बस धरली की तीच आजी पुरे भाडे देणारी प्रवासी ठरते, कारण छत्तीसगडात बसभाड्याची माफी 80 वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर आणि रायपूर ही एकाच प्रांतातली शहरे होती, त्याआधी भोसल्यांच्या अमलात ती एकाच सत्तेखाली होती, आणि रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या किंवा चौबे कॉलनीतल्या मराठी घरांची सोयरीक आजही बहुधा नागपूर-भंडाऱ्याकडेच जुळते. त्यामुळे पाच वर्षांचा हा फरक कागदावरचा राहत नाही, तो लग्नकार्याला, बाळंतपणाला आणि दिवसकार्याला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या खर्चात उतरतो.

महाराष्ट्रातील व्यवस्था आधी समजून घेतली पाहिजे. राज्य परिवहन महामंडळाच्या, म्हणजेच एसटीच्या बसमधून 75 वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना विनामूल्य प्रवास देणारी ‘अमृत ज्येष्ठ नागरिक योजना’ ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झाली; 65 ते 75 या वयोगटाला अर्धे भाडे पडते. ही सवलत राज्यातील ज्येष्ठांसाठी असून ती राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. या योजनेतील सर्वांत अर्थपूर्ण वस्तू म्हणजे वाहकाच्या यंत्रातून निघणारे शून्य रुपयाचे तिकीट होय. फुकट प्रवास करणाऱ्यालाही तिकीट द्यावेच लागते, कारण मार्गात तपासणी पथक चढले आणि एखादा प्रवासी विनातिकीट आढळला, तर त्याचा जाब वाहकाला विचारला जातो. शिवाय त्या शून्याच्या मागे मूळ भाड्याची नोंद असते आणि अशा नोंदींच्या बेरजेवरच महामंडळ शासनाकडे सवलतीची प्रतिपूर्ती, म्हणजे न घेतलेल्या भाड्याची भरपाई, मागते. ती भरपाई वेळेवर येते की नाही हा निराळा आणि जुना वाद आहे. तरीही म्हातारीने न दिलेले भाडे कोणाच्या तरी वहीत येणे म्हणून लिहिलेले असते, आणि तिकीट फाडणाऱ्या वाहकाच्या खिशाला त्याची झळ लागत नाही.

रायपुरात हे तिकीटच नाही. छत्तीसगड राज्य 2000 साली अस्तित्वात आले, परंतु मध्य प्रदेशाकडून आलेला शासकीय बससेवेचा वारसा तिथे टिकला नाही, आणि आज या राज्यात एसटीसारखी शासकीय प्रवासी सेवा नसल्याने शहराशहरांना जोडणारी वाहतूक खासगी मालकांच्या बसगाड्यांवर चालते. या गाड्यांना टप्पा वाहतुकीचे परमिट लागते. ठरलेल्या मार्गावर ठरलेल्या थांब्यांवर प्रवासी चढवण्या-उतरवण्याचा हा परवाना असून, 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 67 नुसार राज्य शासन त्या प्रवासाच्या भाड्याविषयी निर्देश देऊ शकते. याच अधिकाराच्या बळावर 80 वर्षांवरील वृद्ध, दृष्टिहीन, बौद्धिक दिव्यांग, दोन्ही पायांनी चालू न शकणारे आणि एड्सग्रस्त यांना सोबतच्या एका मदतनिसासह भाडे माफ करण्यात आले आहे, तर नक्षलपीडितांना ते निम्मे पडते. यादी उदार आहे. मात्र ज्या गाडीत ही उदारता दाखवायची ती गाडी शासनाची नाही, तिच्या डिझेलचे पैसे शासन देत नाही, आणि सर्वसाधारण मार्गांवर माफ झालेल्या प्रत्येक भाड्याची भरपाई मागण्यासाठी कंडक्टरकडे शून्याचे तिकीट काढणारे यंत्रही नाही.

2021 साली रायपुरातील पंडरीचा जुना बसस्टँड सोडून भाठागावच्या आंतरराज्यीय टर्मिनलवर आलेल्या या बसगाड्यांमध्ये कंडक्टरचे काम जवळून पाहिले, म्हणजे ही उणीव कुठे जाऊन बोचते हे कळते. गाडी फलाटाला लावणे, एजंटाने हाका घालून प्रवासी गोळा करणे, टपावर गाठोडी चढवणे, हे सारे कोणत्याही स्टँडवर चालते तसेच चालते. राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर वसुलीला निघतो तो मागच्या बाकापासून, बोटांच्या पेरांत नोटा उभ्या घडीने खोचून. आणि ज्या बाकावर एक वृद्ध आणि शेजारी एक तरुण बसलेला असतो, तिथे त्याची नजर आधी तरुणाकडे जाते. यात उद्धटपणा नाही, हिशोब आहे: वृद्धाचे वय 80 ठरले तर मदतनीसही माफ, म्हणजे दोन जागा गेल्या, आणि संध्याकाळी मालकापुढे वसुली ठेवताना त्या दोन जागा रिकाम्या होत्या की माफीच्या, हे सिद्ध करणारा कागद त्याच्यापाशी नसतो. मग तो छत्तीसगडीत विचारतो, ‘अस्सी होगे का, दाई?’ या ‘दाई’मध्ये आईचा मान आहे आणि ‘अस्सी’मध्ये जकातनाक्याचा करडेपणा. मराठी घरातली आजी असेल तर हा प्रश्न तिला कळतो, पण 75 ला महाराष्ट्रात मिळालेला हक्क इथे 80 ला का मिळतो, याचे उत्तर प्रश्न विचारणाऱ्यापाशीही नसते.

प्रश्नाला उत्तर म्हणून आधार कार्ड पुढे येते आणि खरी अडचण तिथून सुरू होते. ज्यांचे वय आज 80 च्या वर आहे ती माणसे 1940 च्या दशकात किंवा त्याआधी जन्मलेली आहेत. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा 1969 चा आहे, आणि जुन्या मध्य प्रांतात खेड्यातला जन्म टिपला जाई तो कोतवालाच्या वहीत, जिला विदर्भात आजही ‘कोतवाल बुक’ म्हणतात आणि जातीचा दाखला काढताना लोक जिची नक्कल शोधत फिरतात. बसमध्ये दाखवायला ती नक्कल कोणी आणत नाही. आधार नोंदणीच्या वेळी जन्मतारीख ठाऊक नसलेल्यांचे अंदाजे वय सांगितले गेले, त्यावरून जन्मसाल ठरले आणि तारीख 1 जानेवारी पडली, त्यामुळे या पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. अंदाज दोन-चार वर्षांनी चुकला असला तर 82 वर्षांचा माणूस कार्डावर 78 चा राहतो. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे असे ते देणाऱ्या प्राधिकरणानेच 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. बसमध्ये मात्र तोच पास, तोच दाखला आणि तोच शेवटचा शब्द असतो.

80 हा आकडा आणखी एका अंगाने पारखायला हवा. भारताच्या महानिबंधकांकडून होणाऱ्या नमुना नोंदणीनुसार 2016 ते 2020 या काळात जन्मवेळचे सरासरी आयुर्मान देशासाठी 70.0 वर्षे होते, दिल्लीसाठी 75.8 आणि छत्तीसगडसाठी 65.1, ज्या मोठ्या राज्यांची आकडेवारी दिली जाते त्यांत ते सर्वांत कमी होते. जन्मवेळच्या आयुर्मानात बालमृत्यूंचा वाटा मोठा असल्याने साठी गाठलेला माणूस या सरासरीच्या बराच पुढे जगतो, म्हणून 65.1 आणि 80 यांची थेट वजाबाकी करणे अशास्त्रीय ठरेल. तरीदेखील ज्या राज्यात माणसे सर्वांत कमी जगतात त्या राज्याने भाडेमाफीचा उंबरठा शेजाऱ्यापेक्षा पाच वर्षांनी उंच ठेवावा, याला काटकसर म्हणता येईल, सन्मान म्हणणे जड जाते. ज्या बसगाड्या आपल्या नाहीत त्यांतली दानत फार जणांपर्यंत पोहोचू नये, असाही विचार या 80 च्या मागे असू शकतो. तसे असेल तर तो निदान प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण ही मर्यादा 65 वर आणली असती तर भार शासनावर पडला नसता, नोटा पेरांत खोचलेल्या त्याच कंडक्टरवर आणि त्याच्या मालकावर पडला असता.

हद्द बदलली तरी न बदलणारी सवलत पूर्वी रेल्वेची होती. रायपूर हे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे विभागीय ठाणे असून नागपूर-गोंदिया-डोंगरगड-दुर्ग ही वाट मराठी कुटुंबांना बसपेक्षा नेहमीच जवळची वाटत आली आहे. 60 वर्षांवरील पुरुषांना 40 टक्के आणि 58 वर्षांवरील स्त्रियांना 50 टक्के भाडेसूट या वाटेवर नागपुरात जेवढी मिळे तेवढीच रायपुरातही मिळे. करोनाच्या साथीत 20 मार्च 2020 पासून ती थांबवण्यात आली आणि साथ ओसरल्यावरही परतली नाही. प्रत्येक प्रवाशाला सरासरी 46 टक्के सूट दिलीच जाते, म्हणजे 100 रुपयांच्या सेवेचे 54 रुपयेच घेतले जातात, असे रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले. या हिशोबात 25 वर्षांचा नोकरदार आणि 76 वर्षांची आजी एकाच 46 टक्क्यांत बसतात. ज्येष्ठांसाठी आता उरला आहे तो खालच्या बर्थचा राखीव कोटा. तो गुडघ्यांना सोयीचा आहे, भाड्याला नाही.

भरपाईचा प्रश्न छत्तीसगड शासनाला ठाऊकच नाही असे म्हणता येत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये जगदलपूर येथून सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री ग्रामीण बस योजने’त बस्तर आणि सरगुजा भागांतील दुर्गम मार्गांवर गाडी चालवणाऱ्या मालकाला शासन पहिल्या वर्षी प्रतिकिलोमीटर 26 रुपये, दुसऱ्या वर्षी 24 आणि तिसऱ्या वर्षी 22 रुपये देते, आणि 80 वर्षांवरील वृद्ध व त्याचा मदतनीस यांना तिथेही भाडे माफ आहे. म्हणजे या मार्गांवर म्हातारे माणूस बसले काय नि बाक रिकामे राहिले काय, धावलेल्या किलोमीटरचे पैसे मालकाला मिळतात, आणि कंडक्टरला शेजारच्या तरुणाकडे रोखून पाहण्याचे फारसे कारण उरत नाही. रायपूर-राजनांदगावसारखा भरधाव चालणारा नफ्याचा मार्ग अशा साहाय्याच्या योजनेत येण्याचा संभव कमी. तिथे 70 ते 80 मधल्या वृद्धांसाठी नियमात काहीही नसताना व्यवहारात एक निराळीच सवलत दिसते: रोजचा चेहरा असेल, गाडी अर्धी रिकामी असेल आणि मालकाचा माणूस स्टँडवर नसेल, तर कंडक्टर दहा-वीस रुपये कमी घेतो आणि पुढच्या बाकाकडे वळतो. या सवलतीला वयाचा दाखला लागत नाही. गाडी भरली की ती मिळत नाही.