मनुष्यबळ-व्यवस्थापनाची मूलतत्त्वे : शब्दांच्या अंगाने विचार

मराठवाड्यातील सालगड्याचा करार परंपरेने गुढीपाडव्याला, बहुधा तोंडीच, ठरतो. कामाचे स्वरूप, वर्षाचे मोल व धान्याचा वाटा उभयपक्षी ठाऊक असतो. हाच माणूस पैठण रस्त्यावरील चितेगावासारख्या ठिकाणी कारखान्याच्या फाटकातून आत गेला, की त्याचा संबंध व्यक्तीशी न राहता संस्थेशी जडतो. आणि संस्था ही मुख्यतः लेखाच्या द्वारे बोलते. मनुष्यबळ-व्यवस्थापनाचा विचार येथूनच करणे इष्ट होय.

या शास्त्राची अंगे स्थूलमानाने पाच मानता येतील : कामाचे विश्लेषण, निवड व प्रशिक्षण, मूल्यमापन व वेतन, तक्रारनिवारण आणि सेवासमाप्ती. यांपैकी प्रत्येक अंग कोणत्या ना कोणत्या लेखावर उभे असते.

कामाच्या विश्लेषणात प्रथम काम निश्चित करावयाचे व मग त्यास नाव द्यावयाचे, असा क्रम आहे. तो उलटला की अनर्थ ओढवतो. यंत्रावर राबणाऱ्यास 'पर्यवेक्षक' म्हटल्याने तो पर्यवेक्षक होत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाखाली 'कामगार' कोण, हे ठरविताना न्यायालयांनी पदनामापेक्षा प्रत्यक्ष कर्तव्यांकडे पाहिले, ते याचसाठी. विवादात दाद मागण्याचा अधिकार त्या एका शब्दावर अवलंबून होता.

नियमांचेही तसेच आहे. १९४६ च्या स्थायी आदेशविषयक अधिनियमाने प्रमाणित आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळील फलकावर लावणे बंधनकारक केले होते. न समजलेल्या नियमाच्या भंगाबद्दल शिक्षा करणे अन्याय्य ठरते, हे तत्त्व त्यामागे दिसते. म्हणून नियमांचा अनुवाद ही कार्यालयीन औपचारिकता नसून व्यवस्थापनाचेच अंग होय.

तक्रारनिवारणात मात्र प्रवाह उलट दिशेने वाहतो. येथे कामगार बोलतो व संस्थेने ऐकावयाचे असते. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, असा दंडक १९४७ च्या अधिनियमात २०१० च्या दुरुस्तीने आला व २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम राहिला. परंतु तक्रारीचा नमुना कामगारास लिहिता न येणाऱ्या भाषेत असल्यास समिती केवळ कागदावरच राहील.

लेखाचे खरे मोल सेवासमाप्तीच्या वेळी कळते. चितेगाव हाच जिचा नोंदणीकृत पत्ता, त्या व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज कंपनीविरुद्ध जून २०१८ मध्ये दिवाळखोरी-निराकरणाची प्रक्रिया सुरू झाली. अशा प्रक्रियेत कामगारास आपली थकबाकी पुराव्यानिशी मांडावी लागते; नेमणुकीचा करार हा त्यांपैकी एक पुरावा. उपदानाचा हिशेबही सेवेच्या वर्षांवरच होतो; १९७२ च्या अधिनियमाने दरवर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन हे सूत्र घालून दिले. ज्याच्या नेमणुकीची तारीखच कोठे लिहिलेली नाही, त्याची वर्षे मोजावयाची कशी?

सारांश, सालगड्याच्या तोंडी करारात स्मरणाला जे स्थान होते, ते संस्थेत लेखाने घेतले आहे. तो लेख खरा, स्पष्ट आणि ज्याच्याविषयी आहे त्यास वाचता येण्याजोगा असणे, ही मनुष्यबळ-व्यवस्थापनाची पहिली अट होय. निवडीची तंत्रे व मूल्यमापनाच्या पद्धती यांचा विचार त्यानंतरचा.